बिननावाच्या काठ्या

आमच्या ऑफिसात वर चढायचं तर गोल्फ यावं लागतं, हे मला कळायला फार उशीर झाला. तोवर मी मूर्खासारखी कामच करत बसले होते.

ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरात. घर लालबागला. मी हिशेब खात्यात, आणि आमचे खातेप्रमुख निवृत्त व्हायला आले होते. ती खुर्ची मला हवी होती. उगाच सोज्वळपणा कशाला करू? हवी होती म्हणजे हवीच होती. खात्यातलं निम्मं काम तसंही माझ्याच टेबलावरून जायचं, फक्त सही दुसऱ्याची असायची.

पण मोठे साहेब दर शनिवारी सकाळी चेंबूरकडे गोल्फ खेळायला जात. बरोबर आणखी तिघं. सोमवारी मीटिंगमध्ये ज्यावर आम्ही सगळे तावातावाने बोलायचो, ते शनिवारीच गवतावर ठरलेलं असायचं. त्या तिघांत आमच्या खात्यातला एक तरुण होता. परदेशातल्या कुठल्याशा बड्या संस्थेतून शिकून आलेला. संस्थेचं नाव त्याच्या ईमेलच्या तळाशी, कॉफीच्या मगवर आणि हिवाळ्यात अंगातल्या स्वेटरवर. (मुंबईत हिवाळा कुठला म्हणा! पण एसी होता ना.) खात्याचं काम त्याला मीच शिकवलं होतं. पोरगा वाईट नव्हता, पण खुर्ची त्यालाही हवी होती.

म्हटलं, ठीक आहे. बायका रिक्षा चालवतात, मी चेंडू मारीन.

वर्षभर रविवारी सकाळी गोल्फच्या सरावाच्या मैदानावर गेले. तिथल्या भाड्याच्या काठ्यांनी हात बसला, पण भाड्याच्या काठ्या घेऊन साहेबांपुढे कसं जाणार? स्वतःचा सेट हवा. आणि इथून माझ्या डोक्याला खरा ताप सुरू झाला.

ऑफिसातल्या पुरुषांना विचारलं तर सगळ्यांनी एकाच कंपनीचं नाव घेतलं. ते नाव मी इथे सांगत नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. "का बरं तीच?" असं विचारलं तर एकालाही सांगता येईना. "सरांकडे तीच आहे," इतकंच. म्हणजे आमच्या चाळीत एकीने पैठणी घेतली की चार जणी घेतात, तसलंच प्रकरण. फक्त हे लोक त्याला टेक्नॉलॉजी म्हणतात.

त्या कंपनीच्या दुकानात गेले. दुकान कसलं, देऊळच ते. थंडगार, मंद दिवे, काठ्या गाभाऱ्यात ठेवाव्यात तशा ठेवलेल्या. विक्रेत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि थेट एका कोपऱ्यात नेलं. तिथे "लेडीज सेट" होता. गुलाबी. गुलाबी बॅग, गुलाबी मुठी, वर फुलपाखरू.

"मॅडम, एकदम लाइटवेट आहे. बायकांना झेपतं."

अहो, माझी आई गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. शाळेतून आल्यावर वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्यांचं पीठ मी मळत असे, पाण्याच्या कळशा दोन जिने चढवत असे. मला काय झेपतं ते हा सांगणार! मारून बघू का, विचारलं. तर म्हणाला, नव्या काठीचं प्लास्टिक काढता येणार नाही, पण यूट्यूबवर व्हिडिओ बघा. मी म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे नारळसुद्धा कानाशी हलवून घेतात." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

खरंच सांगते, आईबरोबर बाजारात जाणं म्हणजे लाज. चिवडा गल्लीच्या तोंडाशी नारळवाल्यापुढे बसून ती एकेक नारळ कानाशी नेणार, हलवणार, टिचकी मारणार, परत ठेवणार. नारळवाला करवादायचा. पण आमच्या घरी खवट नारळ कधी आला नाही.

शेवटी सरावाला येणाऱ्या एका बाईने काळाचौकीतला पत्ता दिला. औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. शेजारी छापखाना, समोर बॅगांना चेन लावणारे. आत एक साठीचा इंजिनीअर गृहस्थ बाहेरून सुटे भाग मागवून माणसाच्या मापाने गोल्फच्या काठ्या जुळवत होता. त्याने स्वतःचा ब्रँडही काढला होता. त्याचंही नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला ठाऊक नसेल. माणूस भयंकर बडबड्या आणि तितकाच उर्मट. मी आत पाऊल टाकलं तोच म्हणाला, "गुलाबी पाहिजे असेल तर परत जा."

म्हटलं, जमलं आपलं.

त्याने माझी उंची मोजली, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली. मग जाळी बांधलेल्या कोपऱ्यात उभं केलं, काठीच्या तोंडावर टाल्कम पावडरीसारखा पांढरा थर दिला आणि चेंडू मारायला लावले. चेंडू जिथे लागायचा तिथली पावडर उडून गोल डाग पडायचा. "हे बघा, फटका काठीच्या टाचेकडे, दांड्याजवळ बसतोय. चूक काठीची नाही, उभं राहण्याची. काठी बदलून लोक आयुष्य काढतात, पाय सहा इंच मागे घेत नाहीत." मधूनमधून मोठ्या कंपन्यांना शिव्या चालूच. त्याचा पुतण्या त्यातल्याच एकीत नोकरीला होता, हे निघताना कळलं.

आठवड्याभराने सेट मिळाला. काळ्या मुठी, साधी बॅग. हातात घेतल्यावर पहिल्यांदा वाटलं की ही वस्तू माझी आहे.

आई मात्र हादरली. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब आणि डोकं फुगलेली काठी, हातात घेऊन म्हणाली, "ह्यां काय हाडलंस गो? ह्यो तर झारो!" मग चेंडू भोकात ढकलायचा पटर बघितला. "आणि ह्यां उलथनां. खानावळ परत काढतंस की काय?"

मी तिला समजावलं की ह्या झाऱ्या-उलथन्यांवर माझी खुर्ची अवलंबून आहे. तिने पटर जपून परत बॅगेत ठेवला. खुर्ची म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आमच्या घरात सही करण्याच्या खुर्चीत आजवर कुणी बसलेलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबा गिरणीत होते तेव्हा ते तिथल्या मागाला हार घालायचे. आई घरी विळी, पाटा-वरवंटा, झारे मांडायची. हल्ली त्यात माझा लॅपटॉप आणि मिक्सर आले आहेत. त्या वर्षी सकाळी आंघोळ करून बाहेर आले, तर देवासमोर विळीच्या शेजारी माझा अख्खा सेट ओळीने आडवा. प्रत्येक काठीच्या तोंडावर ओल्या हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचा हा जाड थर. पटरला झेंडूची माळ.

"आई! अगं चेंडू लागतो तिथेच लावलंस!"

"मगे? जां काम करता तेकाच लावूचा ना?"

मी फडका शोधायला लागले, तर ती अंगावरच आली. "पुसू नको हां! कुंकू पुसूचा नसता!"

बाबा गेले तेव्हा शेजारच्या बायकांनी तिचं कुंकू पुसलं होतं. तेव्हापासून ती कुणालाच, कशावरचंच पुसू देत नाही. मी फडका शोधणं सोडून दिलं. बॅगेच्या खिशात तिने कुंकवाची पुडीही सरकवली, प्रसादाच्या साखरेबरोबर.

आणि दसरा उलटला नाही तोच साहेबांच्या चौकडीतला एक जण पाठीच्या दुखण्याने आडवा झाला. साहेबांनी निरोप पाठवला: शनिवारी येणार का? खुर्चीचा निर्णय पंधरवड्यावर आला होता. मी लगेच हो कळवलं.

शनिवारी मैदानावर माझी बॅग उघडली तसा आमचा परदेशी पदवीधर वाकून बघायला लागला. "हे कुठलं? नाव ऐकलं नाही कधी." मी म्हटलं, "तुझंही नाव इथे येण्याआधी मी ऐकलं नव्हतं." साहेब हसले. मला बरं वाटलं. मग मी ड्रायव्हरवरचं टोपडं काढलं आणि खाली लालभडक कुंकू चमकलं.

"व्हॉट इज दॅट?" साहेब बोलतात इंग्रजीत, पुढचं मी मराठीतच सांगते.

पूजा केलीय म्हणून सांगितलं असतं तर तिघांनी मान तिरकी करून "हाऊ स्वीट" म्हटलं असतं. ते "स्वीट" मला नको होतं. मी ठणकावून म्हटलं, "फटका कुठे बसतो ते कळतं, सर."

आणि मारला. चेंडू सरळ गेला. काठीच्या तोंडावर, कुंकवाच्या बरोबर मध्ये, गोल ठसा. साहेबांनी काठी हातात घेऊन तो ठसा असा बघितला, जशी आमच्याकडे लोक पत्रिका बघतात.

साहेबांचा चेंडू दर वेळी उजवीकडच्या झुडपात जायचा, आणि दर वेळी ते ड्रायव्हरकडे संशयाने बघायचे. दर वर्षी नवा ड्रायव्हर घ्यायचे, मोठ्या कंपनीचा, नव्यातला नवा. झुडूप मात्र तेच. "मला लाव ते," ते म्हणाले. मी पुडी काढली आणि साहेबांच्या त्या महागड्या ड्रायव्हरला बोटाने कुंकू लावलं. नियमात बसतं की नाही, कुणी विचारलं नाही. साहेब खेळतात तेव्हा नियम साहेबांचेच असतात.

चेंडू झुडपात. ठसा पार टाचेकडे.

"सर, पाय थोडे मागे घ्या." माझ्या तोंडून काळाचौकी बोलत होती. साहेबांनी घेतले. पुढच्या वेळी चेंडू गवताच्या मधोमध जाऊन पडला, आणि हा साठ वर्षांचा माणूस टुणकन उडी मारून ओरडला. आमचा पदवीधर टाळ्या वाजवत होता, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी मनात खुर्चीची गादीसुद्धा बदलून टाकली.

सोमवारी साहेबांनी माझ्याकडून काळाचौकीचा पत्ता घेतला आणि स्वतः जाऊन माप देऊन आले. तिथे त्यांनाही शिव्या बसल्या असणार, पण खूश होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कोपऱ्यात नवा सेट उभा होता, त्याच बिननावाच्या काठ्या, अगदी माझ्यासारख्या. बॅग मात्र जुनीच ठेवली होती, मोठ्या कंपनीची, नाव बाहेर येईल अशी वळवून.

"तुझं काम फर्स्ट क्लास आहे," साहेब म्हणाले. "खातं तूच चालवतेस, मला माहीत आहे. पण ही खुर्ची क्लायंटसमोरची. तिथे नाव लागतं."

"कसलं नाव, सर?"

"संस्थेचं. त्याचं शिक्षण बघ ना. तू मात्र त्याच्या पाठीशी उभी राहा, त्याला सांभाळून घे."

मी रात्रीच्या कॉलेजात शिकले. त्या कॉलेजचं नाव ऐकून कुणी मान वर करत नाही. मी कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि ते, सर? त्याला कुठे नाव आहे?"

साहेबांनी वळून बघितलं. अगदी निरागसपणे म्हणाले, "ते? ते खेळायला. ते रिझल्ट देतं."

आपण काय बोललो ते त्यांना कळलंही नाही, देवाशपथ. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा संताप आला. "बरं आहे, सर," म्हणून बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन आधी तोंड धुतलं, मग मालवणीत ज्या शिव्या येतात त्या सगळ्या दिल्या.

घरी आई नारळ खवत बसली होती.

"गावली खुर्ची?"

"नाही. त्याला दिली. मोठ्या नावाचा आहे ना तो."

तिने खवणी बाजूला सारली. "तुका वाजवन बघल्यानी ना?"

"इतकी वर्षं वाजवतायत, आई."

"आणि तेका?"

"त्याचं नाव वाचलं."

आईने खवणी पुढे ओढली. "मगे खवट निघतलो," ती म्हणाली आणि खवायला लागली. मी तिच्या शेजारी बसून खोबरं खाल्लं. तिने एरवीसारखं हातावर मारलं नाही.

शनिवारी सकाळी साहेबांचा फोन आला. पाठदुखीवाला परत आला होता, त्यामुळे मी यायची गरज नव्हती. "पण तू दिलेली ती लाल पावडर संपलीय. गाडी पाठवतो, आणखी दे. की मीच मागवू? कुठल्या कंपनीची आहे?"

मी पुडी हातात घेतली. आईने बाजारातून आणलेली, वर्तमानपत्राच्या कागदाची, दोऱ्याने बांधलेली.

"लालबागला सुटं मिळतं, सर," मी म्हटलं. "स्वतः यावं लागेल. बोटावर चोळून बघायचं आणि मग घ्यायचं. नाव नाहीये त्याला."