एका मुक्कामाचं ओझं

आसेगावात चंपतला लोक त्याच्या शेतावरून ओळखत नसत, कामावरून ओळखत. तो मुराळी होता. सासरी नांदणाऱ्या लेकीला सणावारी माहेरी आणायला जातो तो मुराळी. खरं तर हे काम भावाचं, भाऊ नसला तर बापाचं. पण कुणाकडे भाऊ पाळण्यात असे, कुणाकडे बाप अंथरुणाला खिळलेला असे, कुणाची बैलजोडी वखराला जुंपलेली असे. मग त्या घरची बाई चंपतच्या अंगणात येऊन उभी राही आणि म्हणे, "भाऊ, तेवढी आमची पोर आणून द्या ना."

चंपतची बायको मानमोडीच्या साथीत गेली होती. मूल नव्हतं. पुन्हा लग्न कर म्हणणारे थकले आणि गप्प बसले. वाटेवर उभा राहिला तर बरं वाटायचं, घरात बसला की भिंती अंगावर यायच्या, म्हणून तो पहिल्यांदा कुणाच्या तरी लेकीला आणायला गेला. त्याचीच पुढे गावानं वहिवाट करून टाकली.

पहिल्या खेपेला त्यानं जाड वाकळ घेतली होती, पितळी लोटा घेतला होता, बदलायला धोतर, पीठ, तवा, सगळा संसार पाठीवर. नुसती एका रात्रीची वाट, पण खांद्याला आवाळू आल्यासारखी सूज आली. मग दर खेपेला एकेक वस्तू घरी राहत गेली. तवा आधी गेला. भाकरी घरूनच बांधून न्यायच्या, सोबत ठेसा नि कांदा. लोट्याच्या जागी वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा आला. "वजन पाण्याले असू दे, भांड्याले कायले?" असं तो म्हणायचा. वाकळ गेली आणि एक पासोडी उरली. तीच अंथरायची, पहाटे गार वारा सुटला तर तीच ओढायची, दुपारी तीच डोक्यावर घ्यायची, आणि गढूळ पाणी असलं तर तिच्याच पदरातून गाळायचं. बाभळीच्या मुलखातून जायचं म्हणून काटे काढायचा चिमटा करदोट्याला बांधलेला. आगपेटी मुंडाशात. एवढं सगळं खांद्यावरच्या दोन कप्प्यांच्या पडशीच्या एका बाजूत मावायचं. दुसरी बाजू तो मुद्दाम रिकामी ठेवायचा, कारण येताना पोरीचं बोचकं आपल्याच खांद्यावर येणार हे त्याला ठाऊक असायचं.

आता चंपतची पन्नाशी उलटली होती. डावा गुडघा उतारावर दगा द्यायचा. पण त्याला खरा शीण चालण्याचा नव्हता. आणताना पोरी बडबडत यायच्या, वाटेतली बोरं तोडायच्या. पोचवायला नेताना त्याच पोरी मुक्या होऊन मागे मागे चालायच्या. गावाची शीव ओलांडली की कुणी रडायची, कुणी म्हणायची, "काका, अजून एक दिवस राहू दे म्हणा ना." चंपत म्हणायचा, "जबान देल्ली हाये, बाई." आणि नेऊन घालायचा. तो सांगितल्या दिवशी लेक परत आणून घालतो, म्हणून तर लांबलांबची सासरं त्याच्या हाती सून सोपवायची. एकीला तर त्यानं अंगात ताप असताना नेलं होतं. ती त्याला अजून आठवायची. तिच्याबद्दल तो कुणाशी बोलत नसे.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर जगदेवची बायको प्रयागबाई आली, तेव्हा तो गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बसला होता.

"आमच्या सोजरले आणा, भाऊ. लेकरू गेल्यापासून आली नाई थे."

"प्रयागबाई, आता नाई होत माह्याच्यानं. दुसऱ्या कोणाले पाठवा."

"दुसऱ्याच्या संगं सोडतील का ते? आमच्या घरच्यायचं कंबरडं तर तुमाले माहीत हाये. बाजेवरून उठता येत नाई."

चंपतनं गुडघ्यावरचं पान पुन्हा आवळलं. प्रयागबाई हलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. शेवटी त्यानं खुंटीवरची पडशी काढली, झटकली, आणि म्हणाला, "भाकरी थोड्याच बांधजा. जास्तीच्या नको."

सोजरचं सासर शिरपूर गाठायला मधे एक रात्र उघड्यावर काढावी लागे. उन्हं अशी की सकाळ नि संध्याकाळ तेवढी चालायची. तो गेला, नाल्याकाठी निजला, आणि दुसऱ्या दिवशी शिरपुरात उकंडरावाच्या दारात पोचला. उकंडराव म्हणजे सोजरचा सासरा, बऱ्यापैकी जमीनजुमल्याचा माणूस. गावातल्या मोठ्या मंदिराच्या यात्रेकरूंची वर्दळ त्याच्या दारावरूनच जायची. त्यानं चंपतला पाणी दिलं, जेवू घातलं, चांगलं घोरू दिलं. वागणुकीत काही खोट नव्हती. सोजरची सासू चतुराबाई मात्र ऊन उतरताना बाहेर आली आणि उंबऱ्यातूनच बोलली.

"नेता तर न्या. पण पेरणीच्या आंधी आणून घाला. घरात काम पडलं हाये."

"आणतो," चंपत म्हणाला. इतकी वर्षं म्हणत आला होता तसंच.

सोजर बोचकं घेऊन बाहेर आली. बोचकं कसलं, मोठी गाठच होती ती, जुन्या लुगड्यात बांधलेली. चतुराबाईनं भुवई उंचावली.

"हे काय नेऊन राह्यली?"

"फाटके लुगडे हाये, आत्याबाई. मायजवळून गोधडी शिवून आणतो."

सासू आत वळली. सोजरनं गाठ डोक्यावर घेतली. घेताना तिची मान किंचित दबली, ते चंपतनं पाहिलं.

शीव ओलांडेपर्यंत ती भरभर चालली. मग सोजरची चाल मंदावत गेली. ती दर लिंबाखाली थांबायला लागली. दिवस कलला तेव्हा कुठे ते नाल्यापर्यंत आले. चंपतनं तिच्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं आणि तो खालीच बसला. त्याच्या गुडघ्यातून कळ गेली, आणि बोचक्यात काहीतरी खणकलं. फाटकी लुगडी अशी वाजत नाहीत.

नाला कोरडा पडला होता. चंपतनं वाळूत हातानं झिरा खणला, पाणी साचेपर्यंत वाट पाहिली, पासोडीतून गाळून तुंबा भरला. आंब्याच्या बुडाशी जागा झाडली. दोघांनी भाकर खाल्ली. अजून थोडा उजेड होता.

"सोजर," तो म्हणाला, "हे उद्या माह्यानं उचलल्या जाणार नाई. तुह्यानं बी नाई. सोड गाठ. एका रातीले काय लागते ते मले माहीत हाये. बाकीचं पुढच्या वाडीत ओळखीच्या घरी ठेवू, मांगून कोणी आणील."

"राहू द्या, काका. मी उचलतो."

"मान मोडून घेशीन. सोड."

ती बराच वेळ गाठीवर हात ठेवून बसली. मग सोडली.

वरती खरंच दोन फाटकी लुगडी होती. खाली पितळेची परात, तिच्या बापाचं नाव कोरलेली. दोन तांबे. लग्नातला शालू, घडीवर घडी घालून. हळदीकुंकवाचा करंडा. लोखंडी विळी. आणि सगळ्यांच्या पोटात, मऊ कापडात गुंडाळलेलं एक झबलं आणि टोपडं.

चंपत परातीकडे पाहत राहिला. आयुष्यभर लेकींची बोचकी त्यानं खांद्यावर वागवली होती. पंधरा दिवसांचं बोचकं केवढं असतं, महिन्याचं केवढं, हे त्याला हातानं कळायचं. माहेरी चार दिवस जाणारी पोर विळी नेत नाही.

"तू वापस नाई जाणार," तो म्हणाला.

सोजरनं मान खाली घातली. "ते दुसरी बायको आणून राह्यले, काका. पोरगी पाहून झाली. आत्याबाईच मले म्हणे का तू बी राह्य, दोघी राहा, कामाले माणूस लागते." थोडं थांबून ती म्हणाली, "मायनं देल्लं तेवढंच घेतलं म्या. त्यायचं काईच नाई याच्यात. चमचा बी नाई."

"बापाले माहीत हाये?"

"कोणालेच नाई."

"अन् मी जबान देऊन आलो."

"हो," ती म्हणाली. तिनं आर्जव केलं नाही, ती रडलीही नाही. तिचा चेहरा नुसता दमलेला होता, दिवसभर गवत कापून आलेल्या बाईसारखा. चंपतला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोरीला काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं.

त्यानं पासोडी तिला दिली आणि स्वतः मुंडासं उशाला घेऊन पाठ फिरवली. विचार करावा म्हणून तो पडला होता, पण विचार काही झाला नाही. अंग दगडासारखं झालं आणि झोप लागली.

फटफटायला लागलं तेव्हा तो उठला. सोजर आधीच उठून तोंड धुऊन बसली होती. सामान तसंच मांडलेलं. काय टाकायचं ते त्यानं सांगावं म्हणून ती थांबली होती.

चंपतनं परात उचलली. सुताच्या दोरीनं ती आपल्या पाठीवर बांधली, शालू पडशीच्या रिकाम्या बाजूत घातला, त्यावर तांबे नि करंडा. पडशी भरून फुगली. विळी कापडात गुंडाळून तिच्या हाती दिली.

"ठेवायचं नाई काही?" तिनं विचारलं.

"यातलं काय ठेवतं?"

तिनं झबलं-टोपडं कमरेशी खोचलं. फाटकी लुगडी मात्र आंब्याच्या फांदीवर टाकून दिली. कुणा गरजवंताच्या कामी येतील. मग दोघं निघाले. ऊन चढलं तशी परात पाठीला चटके देऊ लागली. चंपत दर थोड्या वेळानं थांबत होता, आणि सोजर पुढे जाऊन त्याच्यासाठी सावली बघून ठेवत होती. गाव दिसलं तेव्हा त्याचा पाय फरफटत होता.

सोजर परत जाणार नाही हे ऐकून जगदेवनं आधी आकांडतांडव केलं. बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "लोक काय म्हणतीन? हिले नेऊन घाल, चंपत. तू जबान देल्ली."

"मी नाई नेणार," चंपत म्हणाला. पाणी पिऊन झालं तरी भांडं त्याच्या हातात तसंच होतं. "दुसरा कोणी नेत असन तर नेऊ दे."

प्रयागबाईनं परात त्याच्या पाठीवरून सोडली, आत नेऊन घासली आणि तिच्यात पीठ मळायला घेतलं. नवऱ्याशी ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. जगदेवचं आठ-पंधरा दिवस चालू राहिलं, मग आवाज कमी कमी होत बंद झाला.

पेरणी जवळ आली तसा चंपत एकटाच शिरपूरला गेला. कुणी सांगितलं नव्हतं. गुडघा बांधून, काठी टेकत गेला. उकंडराव ओसरीवरच होता. त्यानं चंपतच्या मागे पाहिलं, रस्ता रिकामा होता.

"सून कोठी हाये?"

"येत नाई थे. तिनं तिचं तिचं नेलं, तुमचं काई नेलं नाई. हे सांगाले आलो."

उकंडराव चिडला नाही, ओरडला नाही. पान लावत होता, ते तसंच हातात धरून म्हणाला, "मंग तुमच्या जबानीची काय किंमत राह्यली, मुराळी?"

"काई नाई राह्यली," चंपत म्हणाला.

त्याला पाणी कुणी विचारलं नाही. परतताना तो मंदिरापाशी यात्रेकरूंच्या धर्मशाळेत टेकला, पाठ टेकवली आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपला. एका म्हाताऱ्या यात्रेकरू बाईनं त्याला उठवून ताक दिलं आणि विचारलं, "फार दुरून आले का, बाबा?" तो हो म्हणाला.

ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. शिरपूरकडच्या सासरांनी आधी चंपतच्या हाती सून द्यायचं सोडलं, मग इकडच्यांनी. पोळ्याला एकही बाई त्याच्या अंगणात आली नाही. काही जण तोंडावर म्हणाले, काही मागे. ज्या घरांच्या लेकी त्यानं वर्षानुवर्षं आणल्या होत्या, त्यातल्या एकीच्या बापानं चावडीपाशी त्याच्याकडे पाठ केली. चंपतला त्याचं वाईट वाटलं. पण घरी येऊन आडवा झाला, तेव्हा आता कुणालाही पोचवायला न्यायचं नाही, एवढंच मनात आलं, आणि छाती मोकळी झाली.

सोजर बापाच्या विहिरीवर वांगी, मिरची लावू लागली. प्रयागबाई मंगरूळच्या बाजारात विकून येई. शिरपुराहून कुणी आलं नाही. तिकडे नवी सून आली असं कानावर आलं. सोजर ते ऐकून पाणी वळवायला निघून गेली.

पुढच्या आखाजीला सकाळी चंपतला काय करावं ते सुचेना. सवयीनं लवकर जाग आली होती. तो फिरत फिरत जगदेवच्या मळ्यात गेला. सोजर मोटेच्या पाण्याला वाट करून देत होती, पाय चिखलात.

"काका, चाय पेता का?"

"पेतो."

"मंग बसा. वाफा भरू द्या."

तो बांधावरच्या लिंबाखाली बसला. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात होतं. सोजरनं फावड्यानं माती ओढली, एक तोंड बुजवलं, दुसरं फोडलं. थोड्या वेळानं तिनं वळून पाहिलं, तर चंपत झाडाला टेकून झोपला होता. तिनं त्याला उठवलं नाही.