उतरा, गाव आलं

माझ्या तिशीतल्या मुलाला डोंगरात हिंडायला जुनी जीप घ्यायची होती, आणि विलायती की जपानी हे काही ठरेना. म्हणून येरवड्यात अपघाताच्या गाड्या मोडून पार्ट विकणाऱ्या एका माणसाकडे आम्ही मायलेक गेलो. नाव काही विचारलं नाही बाई त्याचं.

चेपलेल्या जपानी जीपला पाना लावण्याआधी त्यानं दार उघडलं, आत वाकला आणि हळूच म्हणाला, "उतरा, गाव आलं." गाडी तर रिकामी! हा मात्र कुणा म्हातारीला आधार द्यावा तसा हात पुढे करून थांबला.

मुलानं विचारलं, "काका, जपानीचे पार्ट इतके स्वस्त कसे हो?"

"विलायती घाटाच्या अलीकडेच बंद पडते, साहेब. माणसं शिव्या देत घरी जातात. जपानी बंदच पडत नाही. म्हणून माझ्याकडे ढीग तिचेच."

मुलगा हसला. "म्हणजे विलायती घेऊ?"

त्यानं मागचं दार उघडलं, आत पाहिलं आणि पाना खाली ठेवला.

"आज नको. लहान आहे, झोपलंय."

मी मुलाचा दंड धरला. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "आई, सोड ना आता."

नाही सोडला.