बाबांची पिकअप आणि माझी मुलाखत

काल पंपावर डिझेलचा वास नाकात गेला आणि मला आंजीच्या रस्त्यावरची ती सकाळ आठवली. वर्ध्याच्या एका शाळेत माझी मुलाखत होती आणि बाबांची जुनी पिकअप अर्ध्या वाटेत बंद पडली होती.

बाबांनी आधी बॅटरीच्या तारा घासल्या, मग बॉनेटमध्ये डोकं घातलं. "डिझेलच्या पाइपात हवा धरली. आता होते चालू."

"बाबा, मांगून बस येऊन राह्यली. मले बसनं जाऊ द्या."

"काऊन? आपली गाडी हाय ना!"

बस माझ्या कडक इस्त्रीच्या साडीवर धूळ उडवत निघून गेली. मुलीला स्वतःच्या गाडीतून मुलाखतीला नेण्याचं त्यांना केवढं अप्रूप होतं, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त हट्ट दिसला.

हवा काढायला ते इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबत, फेसाळलेलं डिझेल बाहेर येई, इंजिन खोकून पुन्हा बंद पडे. "भंगारात टाका ही गाडी!" मी ओरडले. ते पंप दाबतच राहिले. शेवटी एकदाचं इंजिन सुरू झालं आणि माझं नाव पुकारत असतानाच मी शाळेत पोचले.

मुलाखत चांगली झाली. बाहेर आले तर फाटकाशी पिकअप घरघरत होती.

"इतका वेळ चालूच ठेवली? डिझेल काऊन जाळलं?" मी पुन्हा चिडले.

बाबा हळूच म्हणाले, "बंद केली अन् चालू नसती झाली, त तू अजून रागावली असती."