बसून मोजलेलं बीपी

माझे यजमान गणिताचे शिक्षक. त्यांना मी घरात काय नि चारचौघांत काय, 'हे'च म्हणत आले. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी यांना कुठलाही आकडा म्हणजे मार्कच वाटायचे. बीपी तपासायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून लोणचं-पापड बंद, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून दीर्घ श्वास. आकडा कमी आला की शेजाऱ्यांनासुद्धा कळायचं. मी म्हणायचे, "अहो, तपासणी आहे ती, वार्षिक परीक्षा नाही." त्यावर ठरलेलं उत्तर, "तुला काय कळतंय?"

बुधवार पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी वयोमानामुळे दवाखाना बंद केला. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता, कंपनीच्या विम्यात आम्ही दोघंही बसत होतो, म्हणून त्याने आम्हाला एका नव्या, मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघत बघत यांची जुनी गोळी बंद केली आणि दोन नव्या लिहून दिल्या. का बदलली ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. मंडईत भेंडी निवडण्यावरून वाद घालणारा, पोस्टातल्या कारकुनाला नियम शिकवणारा हा माणूस डॉक्टरांपुढे मूग गिळून गप्प बसला.

आठवड्याभरात चक्कर सुरू झाली. खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरायला लागायची. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करू. "नव्या औषधाला शरीर सरावायला वेळ लागतो," असं यांनीच परस्पर ठरवून टाकलं. महिन्याने पुन्हा तपासणीला गेलो. यांना खुर्चीत बसवून बीपी मोजलं. शंभर-साठ.

"एक्सलंट, काका," डॉक्टर म्हणाले. "काही त्रास?"

"छे, उत्तम आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात यांनी टेबलाखाली माझा हात दाबला. मिळालेला पहिला वर्ग कुणी हिसकावून घेईल अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती. मी गप्प बसले. गोळ्या त्याच चालू राहिल्या, आणि लिफ्टमध्ये हे चक्क गुणगुणत होते.

त्याच आठवड्यात एका सकाळी अंघोळ आटोपून स्टुलावरून उठताना हे न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांना उभं करून बीपी कधी मोजलं होतं का? बसून चांगलं दिसणारं बीपी उठल्यावर एकदम उतरू शकतं, त्यानेच चक्कर येते." कुणीच मोजलं नव्हतं. ऑपरेशन झालं, पण हे पुन्हा चालले नाहीत. पडून पडून न्यूमोनिया झाला आणि महिन्याच्या आत गेले.

लोक म्हणाले, वय झालं होतं. भीड ही भिकेची बहीण, असं मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले. मला यांचा राग येतो, अजूनही येतो. पण टेबलाखालचा तो हात मला झटकता आला असता, आणि ही गोष्ट मी कुणाजवळही बोलू शकले नाही.

दोन वर्षांनी माझीही बीपीची गोळी बदलून दोन नव्या दिल्या. तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर. त्यांनी मला ओळखलं नाही. चौथ्या दिवशी पलंगावरून उठताना मला गरगरलं. मी महिना पुरा होण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी नंबर न लावता जाऊन बसले. दोन तासांनी आत घेतलं. बसून मोजलेलं बीपी छान आलं.

"मग अडचण काय आहे, काकू?"

"उभं राहून मोजा."

"त्याची गरज नसते."

"मला चक्कर येते. मोजल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

मी खुर्ची सोडली नाही. बाहेर रांग खोळंबली होती. त्यांनी सुस्कारा सोडला, मला उभं केलं, थोडं थांबून मोजलं. आकडा बघून पुन्हा एकदा मोजलं. मग एक गोळी खोडली आणि दुसरी निम्मी केली. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाले.

भिंतीवर घड्याळ होतं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. यांच्यासाठी मी तेवढीच मागायला हवी होती.