ओल्या फेविकॉलवर आलेलं स्थळ

पाबळच्या शितलला बघायला स्थळं यायची आणि चहा पिऊन जायची. स्वयंपाक येतो का, असं विचारलेलं तिला चालायचं. शेड बंद करणार का म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. घरामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ती वाकणाऱ्या प्लायवूडचे बाकदार पॅनल बनवते. दोन पातळ शीट फेविकॉल लावून साच्यावर वाकवायच्या, पट्ट्यांनी आवळायच्या. फेविकॉल वाळला की पॅनल पायांशिवाय, टेकूशिवाय उभं. शिरूरची मंगल कार्यालयं नवरानवरीच्या मागं तेच लावतात. बनवणारीचं लग्न मात्र त्यापायीच अडलेलं.

दौंडकडचं स्थळ दुपारी यायचं होतं. पण मुलाची, विक्रमची, रांजणगावच्या कंपनीत अचानक दुसरी पाळी लागली आणि मंडळी सकाळीच हजर. पॅनलला फेविकॉल नुकता लागलेला. शितल हात पुसत बाहेर आली. मुलाचे मामा सर्जेराव टेकायच्या आत म्हणाले, “लग्नानंतर हे बंद करावं लागंल बरं का!”

तेवढ्यात शेडमध्ये फाडकन आवाज झाला. पट्टा तुटला होता.

“धरा! सगळ्यांनी धरा!” शितल ओरडली. लाजणं गेलं चुलीत. विक्रम, त्याची आई भागुबाई, मामा, सगळे धावले आणि शीट छातीनं रेटून उभे राहिले. शितलचे वडील नवा पट्टा आणायला गाडीवरून गेले, ते गेलेच. आईनं पाहुण्यांना चमच्यानं पोहे भरवले. मामांचा फोन खिशात कोकलत राहिला.

“सोडू का?” मामांनी विचारलं.

“सोडलं तर पॅनल वाया जाईल, मामा.”

“आन् माझी पाठ?”

“दादा, गप धरा की!” भागुबाई भावावर कडाडल्या. “पोरगी रोज एकटी करती न्हवं हे?”

विक्रमचे हात मात्र तसूभर हलले नाहीत, हे शितलनं तिरक्या नजरेनं बघून ठेवलं.

अखेर पट्टा आला, पॅनल आवळलं गेलं. निघताना पाठ चोळत मामा म्हणाले, “मग बंदचं पक्कं धरायचं ना?”

भागुबाई तळहातावरचा वाळका फेविकॉल सोलत होत्या. “कसलं बंद? आमच्या छातीचं हाड दुखाया लागलंय त्याच्यापायी. आन् पोरी, आमच्या अंगणात शेडला जागा किती लागंल, ते सांग आधी.”

शितलला एकदम रडूच फुटलं. त्या रडण्यातच तिनं लांबी-रुंदी सांगून टाकली.