माणसांची वाट

कशेळ्याच्या पुढच्या एका डोंगराची माहिती मी लिहिली आहे. त्या डोंगरावर मी कधीच चढलेलो नाही. हे आजवर ऑफिसात सांगितलं नाही, घरीही नाही. डोंगराचं नाव देत नाही.

कर्जतच्या एका ट्रेक कंपनीत मी कॉम्प्युटरवरची वाटांची शीट सांभाळतो. त्याआधी रसायनीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. शीटमध्ये प्रत्येक वाटेचे तीन रकाने असतात. लांबी, ग्रेड आणि गर्दी. ग्रेड म्हणजे वाट सोपी, मध्यम की अवघड. गर्दी म्हणजे तिथं किती लोक जातात. गिऱ्हाईक हे तीन रकाने बघूनच वाट ठरवतं.

या डोंगराची लांबीच मला कळेना. एका ट्रेकरच्या फोनमध्ये साडेतीन किलोमीटर, दुसऱ्याच्या सहा. पायथा तोच, माथा तोच. सरासरी काढली तर पावणेपाच येत होती, आणि तेवढं तर कोणीच चाललं नव्हतं. कंपनीच्या मालकीण मॅडमना विचारायला गेलो.

"सतीशराव, शनिवारी बुकिंगची लिंक टाकायचीय. तुम्ही जाऊन आलात ना तिथं?"

"हो," मी म्हणालो. उंचावर मला गरगरतं, हे नोकरीला लागताना मी बोललो नव्हतो.

मग पायथ्याच्या गावातल्या काशिनाथला फोन लावला. तो भातशेती करायचा आणि आमच्याकडे गाईड म्हणून यायचा.

"आवो, दोन वाटा हायत. एक गुरांची, एक माणसांची."

"जवळची कुठली?"

"माणसांची. गुरांची लय फिरून जाते. तुमी येऊन बगा की एकदा."

"अरे, येऊन गेलोय मी."

"कवा? चाय पण न पिता गेलात व्हय?" तो हसला.

गोंधळ सुटला असं वाटलं. माणसांची वाट, साडेतीन, सोपी. गुरांची, सहा, अवघड. गुरं जातात तिथं माणसाचे हाल होणार, एवढाच माझा हिशेब. 'सोपी' वाचून लोक येऊ लागले, आणि गर्दीचा रकाना फुगला तसे आणखी आले.

एका रविवारी नवख्या लोकांचा ग्रुप आला. काशिनाथ त्यांना गुरांच्या वाटेनं नेणार होता. त्यांनी फोन पुढे केला. "दादा, कंपनीनं माणसांची वाट सोपी म्हटलीय." त्यानं ऐकलं. वरच्या कातळावर एका बाईंचा पाय सटकला. त्यांना धरताना काशिनाथ घसरून खाली आला. बाईंना खरचटलं. त्याचा घोटा मोडला.

प्लास्टर घातलेला पाय घेऊन तो ऑफिसात आला.

मॅडम म्हणाल्या, "काशिनाथ, सोप्या वाटेवर असं होतंच कसं? लक्ष कुठं होतं?"

"सोपी कुठली, मॅडम? गुराला कडा चढता येत नाय, म्हणून त्याची वाट वळसे घेत जाते. माणूस हातानं धरून सरळ चढतो, म्हणून ती जवळची." मग तो माझ्याकडे वळला. "सायबांना म्हायती हाय. ते येऊन गेलेत. तुमी सांगा की."

मॅडमनीही माझ्याकडे पाहिलं.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणालो.

तो कुबडी घेऊन उठला. त्याच दिवशी मॅडमच्या सांगण्यावरून गाईडच्या यादीतून त्याचं नाव काढलं, तेही मीच, कारण यादीची शीटसुद्धा माझ्याकडेच असते. संध्याकाळी दोन्ही वाटांचे ग्रेड बदलून टाकले. मिनिटभराचं काम. कोणी विचारलंही नाही. त्या वर्षी लावणीला काशिनाथ बांधावर बसून होता, असं ऐकलं.

न चाललेल्या वाटेला ग्रेड देऊ नये, एवढं मी शिकलो. नव्या लोकांनाही तेच सांगतो. कशावरून शिकलो ते सांगत नाही.

चूक काशिनाथची नव्हती, माझी होती, हे मॅडमना सांगायचं राहिलं आहे. त्याचं नाव यादीत परत घालायचं राहिलं आहे. आणि त्याच्या घरी जायचं राहिलं आहे.