आक्काच्या गाण्याचं शेवटचं कडवं

एप्रिल १९९६, रविवार दुपार. नगर, आमच्या घराची पुढची खोली. हजर : मामा, म्हणजे आमच्या गायन पार्टीचे बुवा, पेटीवर. मावसभाऊ, ढोलकीवर. थोरली बहीण, म्हणजे आक्का. आणि मी, कोरस, वह्या आणि चहा माझ्याकडे.

जयंतीच्या कार्यक्रमांचा हंगाम होता आणि अकोले तालुक्यातल्या एका गावाची सुपारी होती. आक्का महिन्यापूर्वीच सासर सोडून आली होती. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. बोलतच नव्हता. सुरुवातीला थोडं, मग भाजीपुरतं, मग तेही नाही. एवढ्यासाठी कोणी घर सोडतं का, असं नातेवाईक विचारत. आक्का उत्तर देत बसली नाही, तिनं गाणं केलं.

चावी खिडकीत ठेवली, मागं नाही पाहिलं,
तुझ्या दारात कढीपत्त्याचं झाड तेवढं राहिलं.

मावसभाऊ म्हणाला, "आक्का, झाडासाठी परत जाती का काय?"

"तूच जा. उपटून आन. तेवढाच उपयोग हुईल तुजा."

मामांनी चाल बसवली. तीन कडवी झाली आणि गाडी चौथ्याला अडली. आमच्या पार्टीत रीत अशी की शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव येतं. लग्नानंतर आक्कानं दोन गाणी केली होती. दोन्हींत तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं आणि त्याचं गाव.

"आता बापाचं नाव घाल," मामा म्हणाले.

"ते घातलं की लोक म्हनतील, हिला माघारी धाडली. मला कुनी धाडलं न्हाई, मामा. मी आले."

"मग नुसतं तुजं घाल."

तिनं गाऊन पाहिलं. ओळ तोकडी पडत होती. तिच्या एकट्या नावाला चालीत अजून जागा सापडत नव्हती.

"बिननावाचं गानं आपन गात न्हाई," मामा म्हणाले. "उद्या कुनीबी सोताचं म्हनून गाईल."

"गाऊ द्या. ज्याला घर सोडायचंय त्यानं गावं."

मामांनी पेटीचा भाता बंद केला. मला वाटलं, गाणं गेलं. मी चहा टाकला; दुसरं काय करणार. कप हातात आल्यावर मामा ढोलकीकडे बघून म्हणाले, "चौथं कडवं आलं की हात हलका ठेव."

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला, एक चूक सोडून. सूत्रसंचालन करणाऱ्याला मीच गेल्या वर्षीचा कागद दिला होता. त्यानं आक्काला सासरच्या पूर्ण नावानं पुकारलं. मी डोक्याला हात लावला. आक्का माईकपाशी गेली, म्हणाली, "ते नाव जुनं हाय," आणि सरळ सूर लावला.

चौथ्या कडव्यात नावाची जागा आली तशी ती थांबली. मामांनी तेवढी जागा पेटीनं भरली. असं काही ठरलं नव्हतं. पुढे बसलेल्या बायका आधी एकमेकींकडे बघत होत्या, मग आक्काकडे बघू लागल्या. गाणं संपल्यावर एकीनं विचारलं, "कवी कोन?"

"मीच," आक्का म्हणाली.

परतताना जीपमध्ये मावसभावानं विचारलं, "मामा, बिननावाचं चाललं की?"

"चाललं न्हाई. ऐकलं लोकांनी." मग आक्काकडे वळून, "नाव सापडलं की सांग. घाई न्हाई."

आक्कानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि संगमनेरपर्यंत झोपली.

तिची सगळी गाणी आता मी स्वच्छ अक्षरात उतरवली आहेत. पुस्तिका छापायची आहे. बाकीची तपासून झाली. या गाण्यात चौथ्या कडव्यात नावापुरती जागा सोडली आहे. तिला विचारून ती भरायची आहे.